मंगळवार आणि गुरुवार

फ्रिजवर चुंबकाखाली चिठ्ठी, नेलिदाचं तिरकं अक्षर:
मंगळवारला पालेभाजी चालते.
गुरुवारला मासा लागतोच.
गुरुवार चावतो. जपून.

मी तिच्या स्वयंपाकघरात ओव्हरकोटासकट उभा,
मोन्तेविदेओचा जुलै दाराच्या फटीतून पायांशी येतोय,
आणि मी बोटांवर मोजतोय:
आज तर शनिवार. मग आज काय द्यायचं?

टाकीतून चार डोळे माझ्याकडे बघत होते.
गालांवर पिवळे पट्टे, माना अर्ध्या आत.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली मी,
सहा वर्षं या बाईच्या डोक्यावर राहिलो
आणि बोललो एवढंच: तुमचा पंप रात्री गुरगुरतो.
ती म्हणाली होती, तुमच्या सपाताही.
आता तिचा खुबा मोडलाय, भाची लांब साल्तोला,
आणि किल्ली माझ्याकडे,
कारण स्ट्रेचर उतरत होतं तेव्हा जिन्यात मीच होतो.

चिठ्ठी पाठपोट होती.
खाणं त्यांच्या डोक्याएवढंच, तुमच्या नव्हे.
टाकीत टाकू नका, निळ्या टबात नेऊन भरवा,
म्हणजे घाण टबातच राहते.
पाणी निम्मंच बदला,
तेही रात्रभर बादलीत मुरलेलं.
स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात
तर मी परत आल्यावर बघते.

पहिल्या दिवशी उपसायची नळी तोंडानं ओढली.
जन्मभर येर्बाचा चहा नळीनंच पीत आलो,
वाटलं, यात काय मोठंसं.
तोंडभर आलं: शेवाळ, कोळंबी,
आणि मंगळवारचं आठवड्याभराचं सगळं.
मी सिंकवर वाकून थुंकत राहिलो
तेव्हा गुरुवारनं मान इतकी लांब केली
की शपथेवर सांगतो, तो हसत होता.

चौथ्या दिवशी दोघांनी खाणं सोडलं.
टबात पालक मलूल,
मासळीचा तुकडा पांढरा पडून फुगलेला.
मी हॉस्पिटलला फोन लावला.
तातडीचं आहे का, नर्सनं विचारलं.
म्हटलं, गुरुवार जेवत नाही.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग नेलिदा, आवाज औषधानं जड झालेला:
पाण्यात हात घाला.
घातला.
कसं लागतंय?
नदीसारखं.
हीटरची पिन ढिली झालीय, दाबा. आणि धीर धरा,
गारठ्यात त्यांना अन्न जिरत नाही.
तुम्हाला जिरतं का?
मी खरं तेच सांगितलं, की नाही.

रात्री तिच्याच खुर्चीत बसून काच बघत होतो.
एकोणीस. वीस. साडेवीस.
इतक्या सावकाश वर चढणारं काही
मी कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं.
पंचविसावर मंगळवार दगडावर आला,
दिव्याखाली मागचा एक पाय ताणून पडला,
सुटीवर आलेल्या कारकुनासारखा.
गुरुवारनं पहाटे मासा खाल्ला, आणि माझं बोटही चाखलं.

चिठ्ठीत नव्हतं, पण जुनं पाणी मी वर नेत होतो.
ओफेलिया गेल्यापासून तिचं लिंबू नुसतं पानांवर आहे.
अजूनही नुसतं पानांवरच आहे,
पण पानं काळीभोर झालीत.

नेलिदा आली ती काठी टेकत.
आभार वगैरे नाही. काचेवरून बोट फिरवलं,
फिल्टर उघडून वास घेतला,
मग मला विचारलं:
यांना हात लावल्यावर साबणानं धुता ना?
धुतो.
आणि लावायच्या आधी?
तेही धुतो, म्हणालो, अभिमानानं.
साबणानं?
हो.
ती काही बोलली नाही, नुसती दोघांकडे बघत राहिली,
जणू माझ्या वतीनं माफी मागत होती.

काल रात्री तीनला पंप अचानक गप्प झाला.
मी अंधारात सपाता चाचपतोय, तोच
खालून छतावर
काठीचे दोन ठोके.