बारा मिलिसेकंद

आमच्या बँडचं नाव लोडशेडिंग.
दुसरं सुचायच्या आत वीज जायची.
मखमलाबादला प्रज्योतच्या मामाची द्राक्षं पॅकिंगची शेड,
हंगाम उठला की ती आमची:
भिंतीला क्रेट, क्रेटला गोणपाट,
आणि गोणपाटातून गाळून रस्त्यावर पोचणारा आमचा कल्लोळ.

थोरले काका ढोलपथकातले. कंबरेला पट्टा, खांद्याला वळ.
एकदा शेडमध्ये डोकावले,
माझ्या स्टुलाकडे बघून म्हणाले,
"वाजवणारा माणूस बसतो होय रे?"
आणि गेले.
एवढीच एक समीक्षा मनाला लागली.

सव्वासातला वीज जाई.
प्रज्योतची गिटार सुराच्या मधोमध तुटे,
जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तशी.
शहाबाजचा बास अर्धा सेकंद जास्त जगायचा
(कपॅसिटरमध्ये थोडं उरलेलं असतं, हे पुढे कळलं).
मग उरायचो मी.
मला वीज लागत नव्हती.

अंधारात झांजेची कड हाताला आपण होऊन सापडे.
रुबेन शरणपूरच्या चर्चमध्ये गाणारा,
माइक खाली ठेवून नुसता गळा लावायचा.
कुणीतरी स्कूटरचा दिवा आत वळवायचं
आणि मी धरून ठेवायचो.
वीज येईपर्यंत ताल खाली पडू द्यायचा नाही,
एवढंच काम.
कधी वीस मिनिटं.
एकदा पावणेदोन तास; पोटऱ्यांचे दगड झाले,
आणि वीज आली तेव्हा
तिघंही चहाला गेलेले.

आता अंबडला, एक्सलो पॉइंटच्या मागच्या गल्लीत,
मी बोर्ड बनवतो.
वीज गेली की बॅटरीवर उडी मारणारे.
माहितीपत्रकात छापलंय: बारा मिलिसेकंद.
अंधार आता एवढासाच उरतो.
दवाखान्यातल्या मॉनिटरला कळत नाही,
शीतगृहातल्या द्राक्षाला कळत नाही.
मला कळतो.
एवढ्याच फरकाने ठोका पुढे पडला
की रुबेन गाता गाता मागे वळून बघायचा.

सिन्नरची कावेरी आव्हाड, डिप्लोमा करून आलेली, विचारते,
"सर, रिले एकदाच ओढला, मग स्कोपवर इतके काटे कसे?"
मी पेन्सिल उभी धरतो, टेबलावर सोडतो.
टक्. टकटक. टकटकतर्रर्र.
धातू धातूवर एकदाच पडत नाही, सांगतो.
काठीचंही तेच असतं,
हे सांगत नाही.
"मग खरा ठोका कुठला?"
"थोडं थांबायचं. शांत झालं की विचारायचं."
ती वहीत लिहून घेते: डिबाउन्स, पाच मिलिसेकंद.
एवढं छोटं नाव आहे त्याला,
विसरलोच होतो.

ड्रमसेट सातपूरच्या एका बँजो पार्टीने नेला,
त्या पैशांत पहिला ऑसिलोस्कोप आला, तोही जुनाच.
स्नेअर तेवढा दिला नाही.
स्टोअरमध्ये कपाटावर असतो,
आजूबाजूला रेझिस्टरची रिळं.
खालच्या तारा ताणलेल्याच;
सोळा वर्षांत तो खटका मागे केला नाही.
का, ते विचारू नका, गंज धरला असेल.

शनिवारी रात्री शेवटची चाचणी.
रॅकवर चौसष्ट रिले. कावेरी मेन पाडते.
चौसष्ट एकदम, पण अगदी एकदम नाही,
दोनतीन उशिरा,
वरातीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखे,
आणि भिंतीपलीकडून, स्टोअरमधून,
बारीक
किरर्र.

"सर, ते काय वाजलं?"
"लूज काँटॅक्ट असेल."
"बघून येऊ?"
"नको.
पुन्हा पाड."