दुष्फेन

सहमच्या या घराला विहिरीचं पाणी.
मालक अबू हिलाल म्हणाला, गोड आहे.
खारट नव्हतं, एवढं खरं.
पण साबणाची वडी झिजायची
आणि हातावर फेसाऐवजी नुसता साका.
तूरडाळ दुपारी चढवली तर
मगरिबच्या बांगेपर्यंत दाणा दाणा वेगळा.
"आपली डाळ इथे शिजणार नाही," मुकादम म्हणायचा.
आम्ही हसायचो. पहिला महिनाभर.

आठवीत तारळेकर सरांनी फळ्यावर लिहिलं होतं,
दुष्फेन पाणी दोन प्रकारचं:
तात्पुरतं, उकळलं की जातं.
कायमचं, उकळून जात नाही.
मी उलट लिहिलं, एक मार्क गेला.
इथे आम्ही पाच जण, कार्डं सगळ्यांची दोन वर्षांची.
मुकादम बावीस वर्षं उकळतोय,
अजून तळाशी आहे.

सुवैकला एक फिलिपिनो कुटुंब घर मोडत होतं,
त्यांच्याकडून टाकी आणली, तीस रियालला.
आत पिवळे मणी, राजगिऱ्याएवढे.
शेजारी डबा, त्यात पंचवीस किलो मीठ.
"मीठ घालून पाणी मऊ?" बारक्या शिंगटे म्हणाला,
"इकडे तर समुद्राचं मीठ काढायला कारखाने!"
मी म्हटलं, मीठ मण्यांसाठी.
मणी म्हणजे आपली खोली समज.
चुना येतो, कॉट धरतो,
आधीचा वळकटी उचलून पाण्याबरोबर चालू लागतो.
आठवड्याने मिठाचा लोंढा येतो
आणि चुन्यालाही उठवतो.
बारक्या गप्प झाला.
तो अनंता कोळपेच्या कॉटवर झोपतो.
कोळपे मे महिन्यात गेला. चप्पल अजून कॉटखाली आहे.

रविवारी रात्री अकराला टाकी आपली आपण खोकते.
मागच्या नळीतून खारं पाणी धो धो.
मालकाचं लिंबाचं झाड वाचावं म्हणून
नळी मी लांब वळवून घेतली.

पहिल्याच दिवशी डाळ पाऊण तासात मेण.
मुकादम न्हाणीतून बाहेर येईना,
"अरे, अंगावरचा साबण जातच नाही!"
गेला होता कधीच. मऊ पाणी लागतंच तसं, बुळबुळीत.
तो दापोलीचा. त्याला घर आठवलं.

मला नाही आठवलं.
मी जिंतूरकडचा. आमच्या बोअरच्या पाण्याने
हंड्याला आतून पांढरा थर धरायचा,
आई चिंचेने घासायची, परत थर.
केस धुतले की काथ्या.
आणि चहाला एक जाड चव,
जी मला चहाचीच वाटायची.

टाकीच्या अलीकडे, भिंतीतून येणाऱ्या पाइपवर
मी एक छोटा नळ ठेवलाय.
पहाटे साडेचारला तिथून कपभर घेतो.
किटलीत थर जमतोय.
"काका, व्हिनेगरने लख्ख करू का?" बारक्या विचारतो.
राहू दे, म्हटलं.

उकळलं की जातं, म्हणाले होते सर.
जातं कुठे?
किटलीतच तर बसतं.