मागाहून

कॅम्पात इनास मास्तरांच्या फॅनचा बुश बदलून
हात पुसत होतो.
म्हणाले, बस की, चहा टाकलाय.
आणि तबकडी लावली.
पलटणीच्या बँडात तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस,
सुई टेकवताना बोटं थरथरली.

मी वडगावचा. कान मागावर घडलेला :
खट् म्हणजे खट्.
ठोका चुकला की धागा तुटला.

ही बाई ठोक्यावर येईचना.
मागं कुणीतरी सूप पाखडल्यागत ड्रमवर ब्रश फिरवतंय,
बास केव्हाच पुढं निघून गेला,
ही अजून उंबऱ्यात, चप्पल शोधत.

म्हटलं, मास्तर, पट्टा सैल झालाय. उघडू का?
हसले. "तडी. स्वल्प तडी."
आम्ही बोलतो मराठीतच,
एवढंच तेवढं कानडीत आलं.

मग ती आली.
शब्द कळला नाही. त्याच्या आधीचा श्वास कळला :
गाठ मारण्याआधी आई धागा ओठांत धरायची,
तेवढाच.

चहावर साय धरली.
दुसरी बाजू लावू?
उचललेली हत्यारांची पिशवी मी खाली ठेवली.

रात्रपाळीला बारा माग एकदम सुरू झाले.
मी तिसऱ्याजवळ उभा,
ठोक्याच्या जरा मागं.