फक्त नावांचा रकाना

आरगच्या शिबिरात दोनशे शहाऐंशी माणसांचे डोळे तपासले.
मिरजेला ट्रस्टच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत,
मी एक्सेलमध्ये यादी केली:
नाव, वय, उजवा, डावा.
वर्डमध्ये पत्र मात्र एकच लिहिलं.
नावाच्या जागी नाव नाही, नुसता दुहेरी कंस,
कुणी जेवायला यायचंय म्हणून
पाट मांडून ठेवावा तसा.
मग एक बटण,
आणि माणसं पाटावर येऊन बसू लागली,
अनुसया मगदूम, दस्तगीर शिकलगार, बाळगोंडा चौगुले...
दुपारभर प्रिंटर कुरकुरत होता,
मी भाजक्या शेंगा खात होते.

त्याआधी नावं अकारविल्हे लावली होती.
तेव्हा यंत्रानं विचारलंही होतं,
शेजारचे रकाने सोबत घ्यायचे का?
चहावाला सुट्ट्यासाठी दारात उभा होता.
मी नको म्हटलं.

बुधवारी आरगला शाळेत चष्मे वाटले.
नाव पुकारलं की माणूस उठायचा,
पत्र दाखवायचा, चष्मा चढवायचा,
फळ्याकडे बघायचा.
"दिसतंय का?"
"दिसतंय की."
सगळ्यांना दिसत होतं.

आठ दिवसांनी हावळ टेलर एसटीनं आले.
खिशातून सुई काढली, रीळ काढलं,
माझ्या की-बोर्डशेजारी ठेवलं.
"ताई, ह्या चष्म्यानं भोक ऱ्हायलं बाजूला,
सुईच घावंना."
यादी उघडली.
त्यांच्या नावापुढे उणे चार,
वय एकोणीस.
मी बराच वेळ नुसतं कंट्रोल झेड दाबत राहिले.

मग शिबिरातली पेन्सिलीची वही घेऊन
दारोदार हिंडले.
अनुसयाबाई आठ दिवस
नसलेल्या पायरीवर पाय ठेवत होत्या.
बिरनाळ्यांची ऋतुजा मागच्या बाकावरून पहिल्या बाकावर आली होती.
"बोलला का नाही कुणी?"
"छापून आलंय, नाव बराबर हाय,
म्हटलं आपलीच नजर चुकत असंल."
दस्तगीरचाचा तर मलाच समजावत होते,
"ऱ्हाऊ दे बाई, सवय हुईल."

दोनशे पंच्याऐंशी चष्मे परत आले.
बाळगोंडाअण्णा देईनात.
पानमळ्याच्या बांधावर बसले होते, चष्म्यासकट.
"ह्यातनं मला शेवऱ्या
निराळ्या निराळ्या दिसत्यात.
धा वरसं नुसता हिरवा गोळा हुता."
वहीत पाहिलं. त्यांचा नंबर खरंच दुसरा होता,
डॉक्टरांच्या अक्षरात, सहीसकट.

मी वही मिटली.
त्यांनी एक पान तोडून हातावर ठेवलं.
यादी आता दुरुस्त केली आहे, प्रत्येक ओळ तीनदा ताडून.
एक ओळ तेवढी
चुकीची ठेवली आहे.