वर्गणी

बिल्बाओत प्यायला निघाले की आधी वर्गणी काढतात.
माणशी पंधरा युरो, इत्सियारच्या पाकिटात,
ज्याची चेन तुटलीय आणि जे सेफ्टी पिनेवर मिटतं.
इत्सियारला मी चार वर्षं ओळखते, स्क्रीनवर.
ती इतकी उंच आहे हे आज कळलं.

मी नोट पुढे केली. कोल्दो म्हणाला, पाहुणी ना तू, राहू दे.
म्हटलं, आमच्याकडे गणपतीची वर्गणी
पाहुण्याकडूनच आधी घेतात.
त्याला काही कळलं नाही, नोट मात्र घेतली.

नियम असा:
एका बारमध्ये एकच पेला, तोही चार घोटांचा,
उभ्याने,
आणि संपला की पुढचं दार.
जुन्या गावात गल्ल्या सात. बार किती, कुणी मोजले नाहीत,
किंवा मोजले असतील आणि घरी पोचेपर्यंत विसरले असतील.

काडीला टोचलेलं ऑलिव्ह, खारवलेला मासा, हिरवी मिरची.
मी मिरची चावली तेव्हा पाचही जण माझ्या तोंडाकडे बघत होते.
बिचारी मिरची. काकडीच्या घरात दत्तक गेलेली.

गार्बिन्ये म्हणाली, हात पुसलास ना,
आता कागद खाली टाक. जमिनीवर. सगळे टाकतात.
ज्या बारची जमीन स्वच्छ, तिथे खायचं नाही.
माझा हात खाली गेला, घुटमळला,
आणि कागद कोटाच्या खिशात गेला.

तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी उनाईने विचारलं,
आम्ही म्हणतो तोपा. तुम्ही काय म्हणता?

काय म्हणतो आम्ही?
आमच्या घरात बाटली फिनेलच्या मागे असायची,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
वडील भिंतीकडे तोंड करून प्यायचे,
आई त्या वेळी कुकर लावायची, गरज नसतानाही.
गावातल्या बारच्या काचा काळ्या,
आणि त्या फुटपाथवरून आम्ही मुली जायचोच नाही.
आमच्याकडे दारूला पाठ आहे, तोंड नाही.
शब्द कुठून असणार?

सगळे पेले वर धरून थांबलेले.
मी म्हणाले, चांगभलं.

म्हणजे?
म्हणजे डोंगरावर, गुलालात, देवाच्या नावाने ओरडतात ते.
सगळ्यांचं बरं होऊ दे.
चंगबाला, एनेको ओरडला. चंगबाला, चंगबाला,
कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यासुद्धा, वाइनचे ग्लास उंचावत.
देवाने ऐकलं असेल तर
उच्चारावरून नक्कीच गोंधळला असेल.

पुढच्या बारमध्ये आम्ही सहा,
बारवाल्याने ओतले सात.
मला वाटलं, चुकला. जास्तीचा पेला घ्यायला हात केला,
इत्सियारने मनगट धरलं, अगदी हलकं.
तो आन्चोनचा.

आन्चोन जहाजं बांधायचा, गोदी बंद होईपर्यंत.
स्वतः बोटीत बसला की ओकायचा.
दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये.
एवढंच सांगितलं कोल्दोने.
मग बारवाल्याने गल्ल्याशेजारची वही उघडून दाखवली:
अकरा युरो, आन्चोनच्या नावावर.
कितीदा म्हटलं, आम्ही देतो,
हा घेत नाही.
बारवाला फडक्याने काउंटर पुसत राहिला. म्हणाला,
खातं मिटलं तर तो परत कशाला येईल?

कुणी काही बोललं नाही.
उनाईने बाहेर जाऊन सिगरेट पेटवली, न ओढताच परत आला.
मी माझा पेला सातव्याला टेकवला,
तो शब्द म्हटला, या वेळी हळू,
आणि तो नीट म्हणता आला.

पहाटे अडीचला हॉटेलची खोली.
कोट काढला तर खिशातून कागद निघाले, सात,
तेलकट, प्रत्येकावर वेगळ्या बारचं नाव.
कचऱ्याची टोपली पलंगाशेजारीच होती.
एक कागद खाली टाकला.
बघत बसले.
उचलायला वाकलेही,
मग दिवा घालवला.