नमुना

सिगार निकाराग्वाची. आणली इनासिओच्या जावयानं,
तो जहाजावर वर्षातले आठ महिने परक्यांच्या चादरी बदलतो.
काचेच्या नळीत एकच, लाकडाच्या पातळ सालीत गुंडाळलेली.
इनासिओ म्हणाला, वळवईकार, तूंच चाखून सांग,
परीक्षा करण्याची तुलाच सवय.

सवय म्हणजे एकतीस वर्षं.
खाणीच्या लॅबमध्ये मी लाल मातीला आकडे दिले:
लोह इतकं, सिलिका इतकी, ओल इतकी.
बार्ज भरायची, इनासिओ ती हाकायचा,
माझा आकडा त्याच्या आधी समुद्रावर पोचायचा.

तीन आठवडे मी तिला घरी सांभाळली,
लॅब मोडली तेव्हा उचलून आणलेल्या डेसिकेटरमध्ये.
तळाशी आगरातलं मीठ, ओलं, खिरीइतकं दाट.
असं मीठ आतली हवा पंच्याहत्तरवर धरून ठेवतं,
बाहेर श्रावण असो की वैशाख.
बायको म्हणाली, माझ्या सांध्यांना ठेव की त्यात.

आज सारमानसच्या धक्क्यावर बसलोय.
लोडरचा पट्टा कुणीतरी सोडवून नेलाय,
एक बार्ज चिखलात रुतून स्वतःच परत खनिज होतेय.
कातरायला काही नाही. इनासिओनं मासळीची सुरी काढली,
सदऱ्याला पुसली, आणि टोपीएवढी चकती अशी उडवली
की लॅबमध्ये मला कधी जमली नसती.

रंग: भिजलेल्या ओरचा. लम्पी नव्हे, फाइन्स,
ट्रकच्या फाळक्यावर सुकत आलेला.
पेटवण्याआधी वास: फणसाच्या लाकडाची पेटी
आणि तिच्यात विसरलेला माडाचा गूळ.
पहिला झुरका: मिरी. कुळागरातली, हिरवी असतानाच वाळवलेली,
नाकाच्या मागून चढणारी.
पुढे मिरी बसते. कॉफीच्या बिया तव्यावर तडतडतात,
धूर जड होतो, जिभेवर साय धरतो.
राख पांढरी, घट्ट, दोन बोटं लांब, पडत नाही.
इनासिओ राखेकडे बघतो तसा पूर्वी भरतीकडे बघायचा.

जावई सांगत होता, तिकडची माती ज्वालामुखीची, काळी.
म्हणजे तिथेही कुणीतरी असेल
ओंजळीत माती घेऊन वास घेणारा.
त्याच्या मागे कोण उभं राहत असेल?

माझ्या मागे मॅनेजर उभा होता. एकदाच.
सत्तावन्न पूर्णांक आठ.
आम्ही आधी पेन्सिलीनं लिहायचो.
तो काही बोलला नाही, फक्त पेनाचं टोपण काढून
पेन माझ्यापुढे धरलं.
मी अठ्ठावन्न लिहिलं.
शून्य पूर्णांक दोन, तेवढी माती कुठल्या देशात गेली
मला अजून माहीत नाही.
इनासिओला माहीत असणार, बार्ज त्याचीच होती.
त्यानं कधी विचारलं नाही.

शेवटचा तिसरा हिस्सा बिघडला.
काजूबियांच्या टरफलांचं तेल जळावं तसा कडवट,
एका बाजूनं जळत गेली, दोनदा विझली.
एकदा माझ्या बोलण्यामुळे, ते धरत नाही.

'पंच्याण्णव दी मरे,' इनासिओ म्हणतो,
'जांवयान हाडल्या ती.'
मी वही उघडतो. पेन्सिल घरी ठेवून आलोय.
अठ्ठ्याऐंशी.
खाली तारीख, सही, ओल: योग्य.

तो फुगून नदीकडे तोंड करतो.
मग माझ्या बोटांतला बुडखा ओढून घेतो,
नख पोळेपर्यंत ओढतो, डोळे बारीक करून,
आणि धूर न सोडताच विचारतो,
'आनी ह्या उरिल्ल्याक कितले?'

थांब, म्हटलं. संपू दे आधी.