पोटखराब

एकतीस वर्षं मी तलाठी होतो.
निळ्या शाईनं, माझ्याच हातानं
नान्नजच्या अलीकडचा सगळा माळ
मी एका शब्दात संपवला :
पोटखराब.

लागवडीस अयोग्य. पुढचा गट.

भांडायला कुणी आलं नाही.
चंडोल अर्ज करत नाही,
खोकडाला खातेउतारा लागत नाही,
आणि झिमकाबाई काळेला
कचेरीत कुणी बसू दिलं नसतं.
मीही नाही.

मग एका साली वरून आदेश आला : माळ हिरवा करा.
आम्ही गिरिपुष्प लावलं. फोटोत हिरवं दिसलं.
माळढोक, ज्याला लांबवर बघत चालायची सवय,
झाडांच्या भिंतीपाशी थबकला असेल
आणि वळला असेल.
असेल म्हणतो. पाहिलं नाही.
मी खड्डे मोजत होतो.

आता निवृत्त. गुडघे गेलेत.
रविवारी बार्शीच्या गाडीनं नान्नजला उतरतो,
आणि आम्ही पाचसहा जण तेच गिरिपुष्प
मुळासकट काढतो.
रस्त्यावरचे विचारतात, झाडं तोडता?
हो, तोडतो.
उत्तर लांबलचक आहे, तोवर त्यांची गाडी सुटते.

माळाचं काम असं :
गुडघ्याएवढा बांध घालायचा,
दोन पावसाळे मेंढरांना दुसरी वाट सांगायची,
आणि उरलेला वेळ
हात पाठीमागे बांधून उभं राहायचं.
हे शेवटचं फार अवघड.

झिमकाबाई पुढं चालते, अनवाणी.
"ह्यो पवन्या. ही मारवेल.
ही कुसळ, लई झाली म्हंजे माळ रुसलाय."
मागं मंजुळा येमूल, मोबाईल धरून.
विडी घरकुलातली. आई विड्या वळते,
घरी तेलुगू, शाळेत मराठी.
रात्री सगळे निजले की ती
मुक्त ज्ञानकोशात एकेक गवत लिहिते,
कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं असं.

पहिल्याच ओळीवर पाटी लागली :
संदर्भ द्या.
पुस्तक, प्रकाशक, पान क्रमांक.

"सर," मंजुळानं विचारलं,
"झिमकाबाईंचा पान क्रमांक काय घालू?"

मला हसू आलं नाही.
माझी नोंद चालली असती ना तिथं.
शासकीय, सहीशिक्क्याची.
पोटखराब, पान त्रेचाळीस.

मग मंजुळानं आवाजच चढवला.
एका गवताचं पारधी नाव
देवनागरीत मावेना, ते तसंच,
झिमकाबाईच्या तोंडून, मागं वारा, मागं टिटवी.
अकरा दिवस वाद चालला.
कुणी म्हणालं, उद्या कुणीही काहीही सांगेल.
कुणी म्हणालं, आजवर कुणी सांगितलं ते तरी बघा.
अक्कलकोटचे एक मास्तर, डोळ्यांनी अधू,
त्यांनी एवढंच लिहिलं :
वारा पुसू नका.
पान वाऱ्यासकट आलेलं मी पहिल्यांदा ऐकतो.

नोंद राहिली. खाली नाव :
झिमकाबाई सुरमल काळे.
तिला वाचून दाखवलं
तर म्हणाली, "सुरमलचं कशाला? त्याला गवत कळत न्हवतं."
ते दुरुस्त केलं.

परवा चालता चालता ती थांबली,
तळवा मागं केला. आम्ही थांबलो.
पवन्याच्या ठोंबामागं, उघड्या मातीवर
एक अंडं.

मंजुळानं मोबाईल वर धरला.
"जागा टाकू?"

"न्हाई." झिमकाबाई खाली बसली,
आवाज गवताएवढा केला.
"गवत लिव. माझं नाव बी लिव, पुरं लिव. ह्ये नगं.
अशाच खबरीवर आमी फास लावायचो, पोरी."

मंजुळानं मोबाईल पिशवीत टाकला.
आलो त्याच पावलांवर पाय देत
आम्ही मागं फिरलो.

अंडं कुणाचं, तेही मी सांगणार नाही.
गट नंबर मला पाठ आहे.